बंदुकीची नळी आणि घरची करवत

अमेरिकेच्या केंद्र सरकारने आखूड नळीच्या बंदुकांवर १९३४ साली बसविलेला दोनशे डॉलरांचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आणला आहे. कर गेला, परंतु पूर्वपरवानगीचे आणि नोंदणीचे बंधन कायम राहिले. आपल्या घरातील बंदुकीची नळी करवतीने कापण्याचा अधिकार नागरिकाला असावा की नसावा, हा तेथील जुना वाद त्यामुळे पुन्हा तापला आहे. सातासमुद्रापलीकडील या वादाचे आम्हांला काय, असे वाचकांपैकी कोणी म्हणेल. परंतु ज्या प्रदेशात रानडुकरांच्या आणि गव्यांच्या उपद्रवामुळे बागायतदाराच्या घरी परवान्याची बंदूक असते, त्या प्रदेशाने या प्रश्नाकडे केवळ परकीयांचे कौतुक म्हणून पाहू नये, असे आम्हांला वाटते.

ज्या बंदुकीभोवती हा वाद प्रामुख्याने फिरतो ती ‘पंप-अ‍ॅक्शन’ पद्धतीची छऱ्यांची बंदूक होय. नळीखालची मूठ मागेपुढे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि भरलेले आत सरकते. जॉन ब्राऊनिंग या कल्पक कारागिराने रचलेली विंचेस्टरची १८९७ सालची बंदूक आणि १९५० साली बाजारात आलेली रेमिंग्टन ८७० ही या जातीची प्रसिद्ध उदाहरणे. बदकांच्या शिकारीसाठी घेतलेल्या अशा बंदुकीची नळी बहुधा २६ ते ३० इंच लांब असते. शिकार सुटते, बंदूक घरी पडून राहते, आणि मग मालकाच्या मनात येते की, एवढी लांब नळी घराच्या चिंचोळ्या वाटेत अडचणीची. ती थोडी कापली तर रात्री-अपरात्री संरक्षणाला सोयीची होईल. तेथील केंद्रीय कायदा या विचाराला सरसकट मनाई करीत नाही. नळी १८ इंचांहून आणि संपूर्ण बंदूक २६ इंचांहून आखूड होता कामा नये, एवढीच त्याची मर्यादा. मर्यादेच्या अलीकडे घरगुती दुरुस्ती, आणि पलीकडे दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकणारा गुन्हा. मोजमापातली लहानशी चूकही माणसाला या रेषेपलीकडे नेऊ शकते.

ही रेषा आखली गेली त्याला कारण घडले. दारूबंदीच्या काळातील टोळीयुद्धांनी अमेरिका हादरून गेली होती. १९२९ सालच्या व्हॅलेंटाइन दिनी शिकागोत सात जणांना भिंतीपाशी उभे करून ठार मारण्यात आले, त्यात यांत्रिक बंदुकांबरोबर छऱ्यांची बंदूकही वापरली गेली. पाच वर्षांनी आलेल्या कायद्याच्या मूळ मसुद्यात पिस्तुलांचाही समावेश होता. पिस्तुलांवर बंधन आले की लोक लांब बंदुका कापून त्यांची पिस्तुले करतील, म्हणून आखूड नळीचे कलम घालण्यात आले. पुढे विरोधामुळे पिस्तुले वगळली गेली. पळवाट बुजविण्यासाठी घातलेले कलम मात्र तसेच राहिले. कोटाच्या खिशात मावणारे पिस्तूल मोकळे आणि सतरा इंच नळीची बंदूक मात्र नोंदणीच्या जाळ्यात, ही विसंगती तेव्हापासून चालत आली आहे. कायद्याचे टीकाकार तिच्यावर बोट ठेवतात, आणि त्यांचे म्हणणे आम्हांला निराधार वाटत नाही.

तथापि विसंगती आहे म्हणून कलमामागील हेतूच खोटा ठरत नाही. नळी कापल्याने नेमके काय साधते, हे येथे पाहिले पाहिजे. आखूड नळीतून छरे दालनभर पसरतात हा चित्रपटांनी रूढ केलेला समज आहे. छऱ्यांचा पसारा मुख्यतः नळीच्या तोंडाशी असलेल्या निमुळत्या भागावर अवलंबून असतो. घरच्या करवतीखाली नेमका तोच भाग जातो आणि नेमावर लक्ष ठेवण्याची खूणही त्याच्याबरोबर नाहीशी होते. आवाज व झोत अधिक प्रखर होतात. म्हणजे बंदूक म्हणून ती सुधारत नाही, उलट बिघडते. वाढते ती एकच गोष्ट : ती लपविता येते. सिसिलीतील मेंढपाळांनी लांडग्यांपासून कळप राखण्यासाठी बाळगलेली ‘लुपारा’ नळी कापून माफियांच्या अंगरख्याखाली गेली, तेव्हा तिच्या नावात लांडगा तेवढा उरला. सावज माणूस झाले. उघडपणे खांद्यावर वागविण्याचे साधन आणि लपवून नेण्याचे शस्त्र यांतील अंतर करवतीच्या काही फेऱ्यांचे असते. त्यावर समाजाने नजर ठेवावी, यात अन्याय कोणता?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३९ साली मिलर खटल्यात हाच कायदा उचलून धरला. ओक्लाहोमातून आर्कान्सासमध्ये १८ इंचांहून आखूड नळीची दुनळी बंदूक नेल्याचा तो आरोप होता. नागरी सेनेच्या कार्यक्षमतेशी अशा शस्त्राचा वाजवी संबंध दाखविणारा पुरावा समोर नाही, असे न्यायालय म्हणाले. आरोपींच्या बाजूने त्या न्यायालयात कोणी उभेच राहिले नव्हते, ही गोष्टही विसरता येत नाही.

परंतु योग्य कायदाही अविचारी हातांत काय करू शकतो, याचा धडाही अमेरिकेनेच दिला आहे. आयडाहो राज्यातील रँडी वीव्हर याने १९८९ साली सरकारच्या खबऱ्याला नळी कापलेल्या दोन बंदुका विकल्याचा आरोप आला. तो न्यायालयात हजर झाला नाही. ऑगस्ट १९९२ मध्ये रुबी रिज येथील त्याच्या घराला केंद्रीय पोलिसांनी अकरा दिवस वेढा घातला. त्यात वीव्हरचा चौदा वर्षांचा मुलगा, त्याची पत्नी आणि एक सरकारी अधिकारी असे तीन जीव गेले. पुढे ज्युरीने बंदुकांच्या मूळ आरोपातून वीव्हरला मुक्त केले, आणि १९९५ साली सरकारला त्याला व त्याच्या मुलींना ३१ लक्ष डॉलर द्यावे लागले. दोन कापलेल्या नळ्यांपायी एवढा रक्तपात व्हावा, हा कायद्याचा विजय नव्हे.

आता आपल्याकडे वळू. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे सहावे कलम अमेरिकेतील कलमाहून कितीतरी कडक आहे. त्यासाठीचा खास परवाना नसताना बंदुकीची नळी आखूड करण्यासच ते मनाई करते. अमुक इंचांपर्यंत चालेल अशी सवलत त्यात नाही. संरक्षणासाठी वा खेळासाठी परवाना देताना ज्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा कायदा वेगळा विचार करतो, तिची नळी किमान २० इंच असावी असे तेराव्या कलमात म्हटले आहे. ब्रिटनच्या १९६८ च्या कायद्यात ही मर्यादा २४ इंच आहे. मात्र नादुरुस्त भाग बदलण्यासाठी नोंदणीकृत विक्रेत्याला, मर्यादा पाळून, नळी कमी करण्याची मुभा तेथे स्पष्ट शब्दांत दिलेली आहे. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने या गुन्ह्याची शिक्षा किमान तीन वर्षांवरून किमान सात वर्षांवर नेली आणि कमाल मर्यादा जन्मठेपेपर्यंत वाढविली.

सत्तरी, सांगे, काणकोण येथील किंवा शेजारच्या दोडामार्ग, खानापूर येथील किती परवानाधारकांना हे ठाऊक असेल? वडिलांच्या वेळची बारा बोअरची बंदूक. पावसाळी हवेने नळीच्या तोंडाशी गंज चढलेला. गावातला लोहार म्हणतो, दोन इंच कापून टाकू, काम भागेल. कुळागर राखणाऱ्या त्या माणसाच्या मनात कपट नसते. पण कलमाच्या शब्दांत तो आणि टोळ्यांना कट्टे पुरविणारा कारागीर एकाच ओळीत उभे राहतात. कायद्याचे अज्ञान हा बचाव नव्हे, हे तत्त्व आम्हांला मान्य आहे. पण ज्या अज्ञानाची किंमत सात वर्षांचा तुरुंगवास आहे, ते दूर करण्याची जबाबदारी परवाना देणाऱ्या शासनावरही येते.

आमच्या मते तीन गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत. परवान्याच्या प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी सहाव्या कलमाचा आशय सोप्या मराठीत व कोकणीत लेखी द्यावा. निवडणुकीच्या काळात बंदुका पोलीस ठाण्यात जमा करून घेतल्या जातात, तेव्हा नळीची लांबी मोजून तिची नोंद करावी. म्हणजे प्रामाणिक मालकाला पुरावा राहील आणि कापाकापी करणाऱ्याला धाक. नादुरुस्त नळीसाठी परवानाधारक कारागिराकडे जाण्याची वाट सुलभ करावी, आणि दुरुस्ती व रूपांतर यांतील भेद ब्रिटनप्रमाणे कायद्यातच स्पष्ट करावा.

ज्यांच्या घरी बंदूक आहे त्यांना आमचे सांगणे याहून थोडक्यात आहे. नळी गंजली असेल, फुगली असेल, लांब वाटत असेल, तरी तिला घरी किंवा लोहाराच्या दुकानात करवत लावू नये. ती बंदूक परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यापुढे न्यावी, नाहीतर रीतसर शासनजमा करावी. परवाना हा समाजाने एका माणसावर टाकलेला विश्वास आहे, आणि तो दिसणाऱ्या, मोजलेल्या, नोंदलेल्या शस्त्रापुरता आहे. त्या विश्वासाची लांबी परस्पर कमी करण्याचा अधिकार कोणालाही नाही. शासनानेही तो विश्वास टाकताना नागरिकाला अंधारात ठेवू नये.