घसारा लावा, पण बुलडोझर का?



परवा नातीला आणायला सिकंदराबाद स्टेशनवर गेलो. किल्ल्यासारख्या त्या कमानी २०२५च्या सुरुवातीला पाडल्या, हे माहीत होतं. तरी नजर तिथेच गेली. समोर नुसतं बांधकाम.

१९५८ साली वडिलांचं बोट धरून परभणीहून मीटरगेजच्या गाडीने इथेच उतरलो होतो. वळकटी, फिरकीचा तांब्या आणि आईच्या दशम्या. आपल्यापैकी कितीतरी घरांचं हैदराबाद असंच सुरू झालं.

लगेच कुणीतरी म्हणेल, "काका, गर्दी मावत नव्हती हो!" मान्य. गुडघे धरून ते जिने मीही चढलोय. लिफ्ट हव्यात, सरकते जिने हवेत. सातशे कोटी खर्चा, माझी ना नाही. पण त्यासाठी दर्शनी इमारत पाडायलाच हवी होती का? मुंबईचं बोरीबंदर बघा. रोज लाखो माणसं ये-जा करतात, आणि २००४ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. तिथे जमतं, मग इथे का नाही?

बँकेत आम्ही इमारतीवर दरवर्षी घसारा लावायचो. वहीतली किंमत घटत जाते. म्हणून कुणी शाखेची चांगली इमारत पाडत नाही!

आणि ही मालमत्ता कुणाची? १८७४ साली वाडीहून सिकंदराबादला रेल्वे आली. पुढे कंपनीचं नावच 'निझाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे' झालं. गॅरंटी कसली? तर लंडनच्या भागधारकांना ठरलेल्या व्याजाची. ते द्यायचं निझामाच्या खजिन्याने. खजिना भरायची रयत. त्यात परभणी, नांदेड, औरंगाबादचे आपले शेतकरी आलेच. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांच्या शेतसाऱ्यावर उभी राहिलेली ही रेल्वे. पाडताना त्यांच्या नातवंडांना कुणी विचारलं?

खरं सांगायचं तर आपणही विचारलं नाही. एप्रिल २०२३ मध्ये नव्या कामाची पायाभरणी झाली. दोन वर्षं हातात होती. गणपतीच्या वर्गणीवरून तासभर भांडणारे आपण, यावर एक अर्ज लिहिला नाही. मीही नाही. पाडायला लागल्यावर फोटो मात्र सगळ्यांनी टाकले.

आता १९०७ चं नामपल्ली आणि १९१६ चं काचीगुडा उरलंय. काचीगुड्याचे घुमट अजून शाबूत आहेत. उद्या तिथेही "गर्दी मावत नाही" म्हणतील. सुधारणा जरूर करा, पण जुनी वास्तू जागेवर ठेवून, असं आजच लेखी मागायला हवं.

अर्ज मी लिहून ठेवलाय, इंग्रजीत आणि मराठीत. येत्या रविवारी सकाळी दहाला काचीगुडा स्टेशनच्या दारात उभा असेन. सही करायला या. येताना नातवंडांना आणा, त्यांना ते घुमट दाखवू.