ग्रंथालयाला घर हवे, गाळा नको

साहित्यावर आमचे प्रेम नाही असे कोण म्हणेल? जानेवारी 2020 मध्ये 93वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या गावी, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, भरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. गावोगावची माणसे गोरोबाकाकांच्या जत्रेला यावीत तशी आली. तीन दिवसांनी मांडव उतरला. त्याखाली जमलेल्या माणसांना वर्षभर बसायला जागा कोठे, हा प्रश्नही मांडवाबरोबरच गुंडाळला गेला.

हल्ली अभ्यासिका काढली की ग्रंथालय झाले, असे समजतात. स्पर्धा-परीक्षेची पोरे तेथे आपापली पुस्तके घेऊन दिवसभर खाली मान घालून बसतात. त्यांना जागा अवश्य द्या. त्यांत माझे विद्यार्थीही आहेत. परंतु जेथे गृहिणीला मासिक चाळता येत नाही, पोराला मोठ्याने गोष्ट ऐकता येत नाही, आजोबांना वर्तमानपत्रावरून वाद घालता येत नाही, ते ग्रंथालय नव्हे. ती परीक्षेची वेटिंगरूम झाली.

फिनलंडने स्वातंत्र्याच्या शंभरीनिमित्त काय बांधले? हेलसिंकीत, संसदेच्या समोर, ‘ओडी’ हे ग्रंथालय. ते 2018 च्या डिसेंबरात उघडले. वरच्या मजल्यावर सुमारे एक लाख पुस्तके, तर मधल्या मजल्यावर चक्क शिवणयंत्रे! आमच्या आयाबहिणी तेथे पहिल्या दिवशीच गेल्या असत्या.

ते श्रीमंत, असे कोणी म्हणेल. बरे, मदुराई घ्या. राजधानीचे शहर नव्हे. तरी तेथे 2023 मध्ये करुणानिधींच्या शताब्दीचे भव्य ग्रंथालय उभे राहिले. त्यांच्याकडे 1948 पासून ग्रंथालयांचा कायदा आहे आणि घरपट्टीबरोबर ग्रंथालय-उपकर आहे. उमरग्यापलीकडे कर्नाटक लागतो. तेथेही 1965 च्या कायद्याने उपकर आला. आम्ही ज्या हैदराबाद राज्यात होतो त्याने 1955 मध्ये कायदा केला, आणि पुढल्याच वर्षी आम्ही मुंबई राज्यात आलो. महाराष्ट्राचा कायदा झाला 1967 मध्ये, आणि त्यात उपकर नाही. तेव्हापासून आमची ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांत बसून अनुदानाची वाट पाहत आहेत. शाळेत निदान वर्ग पुढे तरी सरकतो!

करही खाल्ला जाईल, अशी शंका घेतात. शंका खोटी नाही. पण रस्त्याचे पैसे खाल्ले जातात म्हणून कोणी रस्ताच नको म्हणत नाही.

ही इमारत जमीन स्वस्त मिळते म्हणून बायपासपलीकडे नेऊ नका. बसस्थानकावरून पायी जाता आले पाहिजे. तळमजल्यावर गाळे काढून भाड्यावर पुस्तके घेण्याचे शहाणपणही नको. गाळे वाढत जातात आणि पुस्तके जिन्याखाली जातात. एक सभागृह असू द्या, पण लग्नाला देऊ नका. आणि बायकांचे स्वच्छतागृह रोज धुतलेले असू द्या. ते नसेल, तर माझ्या शाळेतल्या मुली तेथे अर्धा तासही बसणार नाहीत.