तहकूब दुरुस्ती
१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नामक खंडणीखोर प्रोग्रामने ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचे दफ्तर कुलूपबंद केले, पण ज्या छिद्रातून तो शिरला ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच जारी केलेली होती, ही हकीकत अपडेटची सूचना दिसताच ती ‘नंतर’ म्हणून नित्यनेमाने तहकूब करणाऱ्या आमच्या गृहस्थवर्गाच्या कानी कोणी घालावी? हेच गृहस्थ संरक्षणाच्या हौसेपायी दोन-दोन अँटिव्हायरस बसवितात, आणि एकाच देवडीवरील दोन पहारेकऱ्यांनी परस्परांचीच झडती घ्यावी तसा प्रकार होऊन यंत्र मात्र रखडते, वास्तविक विंडोजमध्ये अंगभूत असलेला डिफेंडर (तो फुकट मिळतो, हाच काय तो त्याचा दोष!) घरगुती व्यवहारास, माझ्या मते, पुरेसा असून, महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून दर महिन्याची दुरुस्ती रात्री निजण्यापूर्वी निमूटपणे बसू द्यावी.