चौदा वर्षांनंतर काय?

आठ मार्च जवळ आला की वैमानिक मुलींचे फोटो पुरवण्यांमधून झळकू लागतात. अंगावर गणवेश, काखेत हेल्मेट, मागे लढाऊ विमान आणि खाली ठरलेली ओळ, ‘गगनाला गवसणी’. बघून ऊर भरून येतो, यात शंकाच नाही. पण त्या फोटोतली मुलगी किती वर्षांच्या बोलीवर हवाई दलात गेली आहे, मध्येच सोडून यायची तिला मुभा आहे का, आणि मुदत संपल्यावर तिच्या हाती काय पडणार, हे कुणी विचारत नाही. लग्न ठरवताना मुलाची नोकरी कायम आहे की कंत्राटी, याची आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. मुलीच्या नोकरीची तशी चौकशी करायला मात्र विसरतो.

आपल्या हवाई दलात स्त्रियांची पहिली वैमानिक तुकडी दाखल झाली १९९४ मध्ये. तेव्हा त्यांच्यासाठी हेलिकॉप्टर आणि मालवाहू विमानंच होती. १९९९ च्या कारगिल युद्धात गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन यांनी ‘चीता’ हेलिकॉप्टर उडवलं. गुंजनवरचा सिनेमा २०२० मध्ये घरोघरी पाहिला गेला. पण तिची हवाई दलातली सेवा २००४ मध्येच संपली, हे किती जणींना ठाऊक आहे? ती ‘शॉर्ट सर्व्हिस कमिशन’वर होती, म्हणजे ठरावीक मुदतीची नोकरी. त्या काळी वैमानिक व्हायचं तर मुलींना हा एकच रस्ता होता. तिच्याच वयाचा, एनडीएतून आलेला मुलगा मात्र पहिल्या दिवसापासून कायम असे.

पुढे चित्र बदललं. लढाऊ विमानं मुलींना खुली करण्याचा निर्णय २०१५ मध्ये झाला आणि १८ जून २०१६ रोजी अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या पहिल्या तिघी लढाऊ वैमानिक म्हणून दाखल झाल्या. त्याच वर्षी आणखी एक बातमी आली होती. लढाऊ वैमानिक होणाऱ्या मुलींनी निदान चार वर्षं तरी आई होऊ नये, प्रशिक्षणात खंड पडू नये, असा हवाई दलाचा सल्ला होता. तो सल्लाच होता, सक्ती नव्हती. एका लढाऊ वैमानिकाच्या शिक्षणावर सरकार प्रचंड पैसा खर्च करतं, तेव्हा दलाची अपेक्षा समजण्यासारखी आहे. पण बघा, इथे नोकरीचा हिशेब आणि बाईच्या वयाचा हिशेब एकाच पाटीवर मांडावा लागतो.

आता हा हिशेब जरा नीट मांडू या. मुलींसाठी आज मुख्यतः दोन दारं आहेत. एक बारावीनंतरचं, खडकवासल्याच्या एनडीएचं. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये मुलींना एनडीएच्या परीक्षेला बसू द्या असा अंतरिम आदेश दिला, २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी आत गेली आणि मे २०२५ मध्ये त्यातल्या १७ जणी संचलन करत बाहेर पडल्या. या दाराने जाणारी मुलगी कायमच्या कमिशनवर जाते. दुसरं दार पदवीनंतरचं, ‘एएफकॅट’ परीक्षेचं. या दाराने उड्डाण शाखेत गेलं की मुदत कमिशन मिळाल्यापासून चौदा वर्षांची, आणि ती वाढवून मिळणार नाही, असं जाहिरातीतच लिहिलेलं असतं. ही अट मुलांनाही तीच. म्हणजे गणवेश तोच, कॉकपिट तेच, जोखीमही तीच, पण करार वेगळा.

आमच्या महिला मंडळातर्फे आम्ही दहावी-बारावीच्या मुलींसाठी मार्गदर्शनाचे वर्ग घेतो. हे दोन करार फळ्यावर लिहिले तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “काकू, चौदा वर्षांनी काय घरी पाठवतात? मग पेन्शन?” तिने अगदी वर्मावर बोट ठेवलं होतं. अधिकाऱ्याला निवृत्तिवेतन मिळायला साधारण वीस वर्षांची सेवा लागते. चौदा वर्षांवाल्यांना ग्रॅच्युइटीसारखी एकरकमी रक्कम मिळते, पण दरमहा पेन्शन नाही. तेविसाव्या वर्षी कमिशन मिळालेली मुलगी सदतिसाव्या वर्षी बाहेर पडते. मुलं शाळेत, घराचे हप्ते चालू, सासू-सासरे थकलेले, आणि हिने आयुष्याचा पाया पुन्हा घालायचा! रामायणात चौदा वर्षांनी राम घरी परतला आणि राज्यावर बसला. इथे चौदा वर्षांनी हिचं राज्य सुटतं.

“अहो, वैमानिकाला काय कमी, एअरलाइन्स आहेत की!” असं आपण सहज म्हणतो. काहींच्या बाबतीत ते खरंही आहे. मालवाहू विमानं चालवणाऱ्याचा अनुभव नागरी विमानाला जवळचा असतो. एकट्याने लढाऊ विमान उडवणाऱ्याला किंवा हेलिकॉप्टरवाल्याला ती उडी इतकी सोपी नसते. नागरी परवान्यासाठी ‘डीजीसीए’चे नियम असतातच. शिवाय कोणती मुलगी लढाऊ विमानावर जाईल आणि कोणती हेलिकॉप्टरवर, हे तिची आवड, प्रशिक्षणातली कामगिरी आणि दलाची गरज यांवर ठरतं. म्हणजे सदतिसाव्या वर्षीची नोकरी बाविसाव्या वर्षीच्या त्या वाटपावरही अवलंबून असते.

कायम कमिशनची दुसरी बाजूही मुलींना सांगायला हवी. तिथे पेन्शन आहे, बढतीची वाट आहे, पण मनात आलं म्हणून राजीनामा ठेवून निघता येत नाही. मुदतीआधी बाहेर पडायला परवानगी लागते आणि ती मिळेलच असं नाही. एनडीएत शिकत असताना स्वतःच्या मर्जीने सोडलं तर प्रशिक्षणाचा खर्च परत करण्याचं हमीपत्र पालकांना द्यावं लागतं. हे सगळं योग्यच आहे. देशाने वैमानिक घडवायचा आणि त्याने जास्त पगार दिसला की निघून जायचं, असं चालणार कसं? पण बंधन दोन्ही बाजूंनी असायला हवं, एवढंच माझं म्हणणं.

स्त्री अधिकाऱ्यांचं भांडण नेमकं इथेच होतं. २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने लष्कर आणि हवाई दलातल्या त्यांच्या कायम कमिशनच्या बाजूने निकाल दिला. त्याआधीच, २००६ ते २००९ या काळात, हवाई दलातून बाहेर पडलेल्या ३२ जणींना न्यायासाठी नोव्हेंबर २०२२ उजाडावा लागला. त्यांना पुन्हा सेवेत घेता येणार नव्हतं. पण पात्र ठरणाऱ्यांना वीस वर्षं पूर्ण केल्याप्रमाणे पेन्शन द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. आणि मे २०२५ मध्ये विंग कमांडर निकिता पांडे यांना तूर्त सेवेतून मुक्त करू नका, असा आदेश झाला. त्या वैमानिक नाहीत, हवाई लढाईचं नियंत्रण जमिनीवरून करणाऱ्या अधिकारी आहेत. बालाकोट आणि ऑपरेशन सिंदूर या दोन्हींत त्यांचा वाटा होता, असं न्यायालयापुढे मांडलं गेलं. पुढचं काहीच ठरलेलं नसणं सैन्यदलांसाठीही बरं नाही, असं मत खंडपीठाने व्यक्त केलं.

सरकारचा युक्तिवाद असा, की दल तरुण राहायला हवं, वरच्या जागा थोड्या असतात, सगळ्यांना कायम करता येत नाही. तो खोटा नाही. पण तरुणपणाची चौदा वर्षं घ्यायची असतील, तर पुढच्या वाटेची सोयही करारातच नको का? नागरी परवान्यासाठी शेवटच्या वर्षात वेळ, दुसऱ्या सरकारी खात्यांत सामावून घेण्याची ठोस तरतूद, किंवा चौदा वर्षांच्या प्रमाणात थोडं तरी निवृत्तिवेतन. यातलं काही मागणं म्हणजे देशप्रेम कमी असणं नव्हे.

आणि मैत्रिणींनो, आपल्या हातातलंही थोडं आहे. मुलीला वैमानिक व्हायचं असेल, तर अकरावीतच गणित आणि भौतिकशास्त्र घ्यायला लावा. दोन्ही दारांना ते लागतात. ‘मुलगी आहे, कॉमर्स बरं’ म्हणून सोडलं, की वाट तिथेच बंद. एनडीएसाठी वयाची अट साडेसोळा ते साडेएकोणीस. ‘आधी पदवी तर होऊ दे’ असं म्हणता म्हणता कायम कमिशनचं हे दार मागे पडतं. वैमानिकाच्या कलचाचणीत एकदा नापास झालं, तर उड्डाण शाखेसाठी पुन्हा संधी नाही, हेही तिला आधी कळू द्या. महाराष्ट्रात पिरंगुटजवळ मुलींची सैनिकी शाळा आहे, नाशिकला मुलींसाठी शासनाची सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. तिथे जाऊन विचारा.

मुलीला उडू द्याच. फक्त अर्जावर सही करण्याआधी तिच्या शेजारी बसून तो शेवटपर्यंत वाचा. पेढे त्यानंतर वाटा.