कुलूप चालेल, पुसणे नको!

कॅनडात जन्मलेले गायक नील यंग यांनी ‘होमग्रोन’ ही ध्वनिमुद्रिका १९७४-७५ साली सिद्ध केली आणि प्रकाशनाच्या उंबरठ्यावरून परत नेली. रसिकांच्या हाती ती पडली २०२० च्या जूनमध्ये. तब्बल ४५ वर्षांनी!

ती कोणा कंपनीने दडपली नव्हती. अभिनेत्री कॅरी स्नॉडग्रेस यांच्याशी झालेल्या ताटातुटीची सल या गाण्यांत होती, आणि खुद्द गायकालाच ती सोसवेना. तिच्या जागी त्यांनी १९७५ मध्ये ‘टुनाइट्स द नाइट’ बाहेर काढली.

कलावंताला आपली कृती अशी अडवून धरण्याचा अधिकार आहे काय? आमच्या मते, निःसंशय आहे. स्वतःचे दुःख चव्हाट्यावर केव्हा मांडावे, हे ज्याचे त्यानेच ठरवावे. परंतु अडवणे निराळे आणि नष्ट करणे निराळे. यंग यांनी गाणी अडवली. फिती मात्र जपल्या. ‘स्टार ऑफ बेथलेहेम’ १९७७ साली व ‘लिटल विंग’ १९८० साली त्यांच्या अन्य संग्रहांतून बाहेर आली खरी. पण सुटी पाने म्हणजे ग्रंथ नव्हे. बारांपैकी सात गाणी तर २०२० पर्यंत अप्रकाशितच होती. फिती पुसल्या असत्या, तर त्यांचे काय झाले असते?

मनाची जखम काळाने भरते. पुसलेली फीत पुन्हा कधीच गात नाही. म्हणून ज्यांच्या ताब्यात अशा फिती आहेत, मग ते गायक असोत, कंपन्या असोत वा वारस असोत, त्यांनी हवे तर कुलूप घालावे. पण किल्ली विहिरीत टाकू नये!