लाल ठिपक्याचं गाव

नेम धरण्यासाठी बंदुकीवर बसवायच्या, लाल ठिपका दाखवणाऱ्या रेड डॉट साइटचा खोका हातात घ्या. वरच्या बाजूला ठसठशीत अक्षरांत कंपनीचं नाव, बहुधा एखाद्या अमेरिकन गावाचा पत्ता, कधी झेंडासुद्धा. खोका उलटा केला की बारकोडाशेजारी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘मेड इन चायना’. शंभर-दीडशे डॉलरांच्या साइटवर बहुतेक वेळा हेच सापडतं. त्यावरून अमेरिकेतल्या नेमबाजांत आणि शिकाऱ्यांत दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, चिनी माल टाकाऊच असतो, जिवावरचं काम त्याच्या भरवशावर सोडू नका. दुसरा म्हणतो, सगळ्या साइट्स एकाच कारखान्यातून येतात, नाव तेवढं वेगळं छापतात, मग जास्त पैसे मोजायचे कशाला? मला दोघांचंही म्हणणं मान्य नाही. गावाचं नाव वाचून मालाची पारख करण्याची खोड दोघांनाही आहे.

वस्तुस्थिती लपलेली नाही. साइट विकणाऱ्या होलोसन कंपनीचं कार्यालय कॅलिफोर्नियात, सिटी ऑफ इंडस्ट्री इथे. माल चीनमध्ये बनतो. टेक्सासच्या प्रायमरी आर्म्सच्या एसएलएक्स मालिकेतल्या साइट्स, सिग सॉअरची रोमिओ-5, बुशनेलची टीआरएस-25 याही तिथल्याच. म्हणजे स्वस्त रेड डॉट कुठे बनते, या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं. त्या एका शब्दावरून पुढे जे निष्कर्ष काढले जातात, त्यांच्याशी माझं भांडण आहे.

पहिल्या तटाच्या बोलण्यात देशाभिमान बराच असतो. पण अमेरिकन लष्कराने 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात एम-68 या नावाने सैनिकांच्या रायफलींवर जी साइट चढवली, ती स्वीडनच्या एमपॉइंटची होती. याच कंपनीने 1975 साली इलेक्ट्रॉनिक रेड डॉट बाजारात आणली. त्याहून मागे गेलं, तर काचेत नेमाची खूण तरंगत ठेवण्याची मूळ युक्ती डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांची, साल 1900. ग्रब यांचा धंदा दुर्बिणी बनवण्याचा. हे यंत्र जन्मापासूनच कुणा एका देशाच्या मालकीचं नव्हतं.

आत आहे तरी काय? मागच्या बाजूला दडवलेला एक बारीक एलईडी. तो आपला प्रकाश पुढच्या अंतर्वक्र काचेवर टाकतो. त्या काचेवर असा लेप असतो, की लाल प्रकाश परत फिरतो आणि बाकीचे रंग आरपार जातात. परतलेले किरण समांतर होऊन डोळ्यात शिरतात, म्हणून ठिपका काचेवर चिकटलेला दिसत नाही, दूर लक्ष्यावर बसलेला दिसतो. साध्या बंदुकीवरची मागची घळ, पुढची माशी आणि लक्ष्य या तिघांवर एकदम नजर ठेवण्याची कसरत संपते. काचेतून पाहिलं की जग किंचित निळसर दिसतं, कारण त्यातला लाल रंग काचेने काढून घेतलेला असतो. पुढून पाहिलं तर तीच काच तांबूस आरशासारखी चमकते.

यातलं काहीही चिनी हातांना न जमणारं नाही. झेजियांग प्रांतातल्या युयाओची सनी ऑप्टिकल 1984 साली सुरू झाली आणि आज मोबाइल कॅमेऱ्यांच्या भिंगांच्या जगातल्या सर्वांत मोठ्या उत्पादकांत गणली जाते. भिंग, लेप, एलईडी, ॲल्युमिनियमचं कातकाम हे सगळं एकाच देशात मिळतं, म्हणून किंमत उतरते. स्वस्ताईचं कारण नुसती कमी मजुरी नाही. ज्या कामगाराने सूक्ष्मदर्शकाखाली तो एलईडी जागेवर बसवला, त्याच्या हातोटीला न पाहताच कचरा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

आता दुसरा तट. एकाच शिंप्याकडे दोन गिऱ्हाइकं जातात. एक चांगलं कापड देतो, दुहेरी शिलाई सांगतो, घालून बघतो. दुसरा फक्त भाव पाडतो. दोन्ही सदरे एकाच यंत्रावर शिवले, तरी धुतल्यावर फरक कळतोच. साइटचंही तसंच. लेप किती चोख, सोल्डर केलेले सांधे किती भक्कम, दहातले किती नग तपासले आणि किती परत पाठवले, हे माल मागवणारी कंपनी ठरवते आणि त्याचे पैसे मोजते. शिवाय एकच कंपनी वेगवेगळ्या देशांत माल करून घेते. व्होर्टेक्सच्या मालावर मालिकेप्रमाणे चीन, फिलिपिन्स, जपान आणि अमेरिका अशी चार नावं आढळतात.

देशाचं नाव एका ठिकाणी मात्र खरंच महत्त्वाचं ठरतं, ते लष्करी खरेदीत. उद्या ज्याच्याशी वैर होऊ शकतं, त्याच्याच कारखान्यावर सैन्याने विसंबू नये, हे बरोबर आहे. पण तो पुरवठ्याचा प्रश्न झाला, दर्जाचा नव्हे. नकली मालाचाही मामला वेगळा. नामांकित कंपनीचा शिक्का मारून विकलेली, खेळण्याच्या बंदुकीपुरती बनवलेली साइट खऱ्या रायफलीच्या धक्क्याने खिळखिळी होते, यात नवल नाही. ती उघड फसवणूक आहे आणि तिला तसंच म्हणावं.

मग पारख कशी करायची? साइट शिकंज्यात घट्ट बसवा, ठिपका दूरच्या एखाद्या खांबावर आणा आणि साइटला हात न लावता डोकं डावी-उजवीकडे, वर-खाली हलवा. ठिपका खांब सोडून किती सरकतो ते पाहा. मग ती रायफलीवर चढवून झिरो करा, म्हणजे ठिपका आणि गोळी एकाच जागी जुळवा, दोनशे गोळ्या झाडा आणि झिरो जागेवर आहे का ते तपासा. 2 एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) ठिपका 100 मीटरवर जवळपास 6 सेंटिमीटर जागा झाकतो, तेव्हा सरकलेला नेम लपत नाही.

आणि कंपन्यांकडून एक गोष्ट हक्काने मागायला हवी. परदेशी मालावर मूळ देश छापण्याची सक्ती अमेरिकेच्या 1930च्या जकात कायद्यातच आहे. ती पाळली जाते, पण खोक्याच्या तळाशी. ‘डिझाइन्ड इन टेक्सास’ ज्या आकारात छापता, त्याच आकारात, त्याच बाजूला, कारखान्याचं गावही छापा.