बोलण्याचा सूर

"इकडे ये" हे दोनच शब्द घ्या. अम्मीने ते लाडाने म्हटले, तर तुम्ही धावत जाता. तेच शब्द तिने रागाने म्हटले, तर पाय जड होतात. शब्द तेच असतात. बदलतो तो बोलण्याचा सूर. उर्दूत यालाच आपण लहजा म्हणतो.

"रागावून सांगितले, की पक्के लक्षात राहते," असे पुष्कळ लोक मानतात. मला हे पटत नाही.

हर्मन एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने विसरण्याचा अभ्यास केला. तो निरर्थक अक्षरे पाठ करी आणि त्यांतली किती विसरलो, हे स्वतःवरच तपासून पाही. १८८५ साली त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाठ केलेले आपण सुरुवातीला भराभर विसरतो. पण उजळणी केली, की ते टिकते. म्हणजे विसरण्यावरचे औषध उजळणी आहे, आरडाओरडा नव्हे.

मग सुराचा परिणाम होतच नाही का? होतो, पण वेगळा. अ‍ॅनेट शिर्मर या संशोधिकेचा एक प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यांनी लोकांना काही शब्द साध्या आवाजात, तर काही दुःखी किंवा आनंदी आवाजात ऐकवले. नंतर शब्द लिहून दाखवले आणि ओळखायला सांगितले. भावनेने उच्चारलेले शब्द काही जास्त लक्षात राहिले नव्हते. मात्र दुःखी आवाजात ऐकलेले शब्द लोकांना अधिक वाईट वाटू लागले आणि आनंदी आवाजात ऐकलेले अधिक चांगले. शब्द कोणत्या आवाजात ऐकला होता, हे आठवो वा न आठवो, परिणाम तोच! आवाज विसरला, तरी त्याचा रंग शब्दाला लागून राहिला.

आता तुम्हीच विचार करा. धाकट्या भावाला तुम्ही खेकसून पाढे शिकवलेत, तर तो पाढे पाठ करीलही. पण 'गणित' हा शब्दच त्याला कडू लागेल. वर्गात एखाद्याचा 'ळ' चुकला आणि सगळे हसले, तर ते हसणे तो कदाचित विसरेल. पण मराठी वाचताना त्याचा आवाज दबलेलाच राहील. त्याला मराठी येत नाही, असे मग आपणच म्हणू. हा केवढा अन्याय आहे!

रस्त्यावर धावणाऱ्या लहानग्याला ओरडूनच थांबवावे लागते, हे खरे. पण रोजचे शिकणे-शिकवणे म्हणजे अपघात नव्हे. तेव्हा मित्रांनो, कुणी चुकला, तर त्याला पुन्हा सांगा, हवे तर दहा वेळा सांगा. पण पहिल्या वेळी जो गोड सूर होता, तोच दहाव्या वेळीही ठेवा.